आप्पांची नाडी

पलूस, मंगळवार, १० डिसेंबर १९९६

आज आप्पा औंधहून माझ्याच दवाखान्यात आले. लेकीनं रक्तदाब मोजावा म्हणून हौसेनं बाही वर केली. नवं मशीन तीनदा लावलं, तिन्ही वेळा आकडाच येईना. डॉक्टर म्हणाले, "मशीन बिघडलंय, सिस्टर." पण माझ्या दंडाला लावलं तर नीट आकडा आला. मग बिघडलंय काय? आप्पांची नाडी धरली. दोन ठोके, मग थांबली, मग एकदम भरभर. की मोजण्यात मीच चुकत होते? डॉक्टरांनाही बघायला लावलं. त्यांनी मिनिटभर नाडी मोजली, मशीन बाजूला ठेवलं आणि सांगलीला कार्डिओग्रामची चिठ्ठी लिहिली. उद्या नेते.

"आप्पा, छातीत धडधडतं का कधी?"

"व्हय, दिवाळीपासनं. तू कामात असतीस, म्हणून बोललो न्हाई."

रागवावं तर कुणावर?