बेंबीपर्यंत आलेली माळ

२० एप्रिल १९९८, सोमवार
सोसायटीत काविळीची तिसरी केस. सेक्रेटरी या नात्याने नोटीस लावली : टँकरचं पाणी वीस मिनिटं उकळून प्या, जेवणाआधी साबणाने हात धुवा. अक्षर सुरेख आलं. मी स्वतः उकळत नाही. मनोरमा होती तोवर ती उकळायची. एकट्यासाठी पातेलं कोण चढवणार? शिवाय माझी प्रकृती कणखर. १० मेला नाशिकहून नातू येतोय, वेदांत. पंधरा दिवस राहील. तेव्हापासून नक्की उकळीन.

२६ एप्रिल
वरणाच्या वासाने मळमळलं. ऊन बाधलं असणार.

२९ एप्रिल, सकाळी ७
आरशात डोळे पिवळे. बल्ब पिवळा आहे. शेजारच्या सत्यवतीबाई दारातूनच म्हणाल्या, काका, डॉक्टरला दाखवा.
बल्ब बदलला. नवाही तसलाच निघाला.
लेकीला, संपदाला, फोनवर काही बोललो नाही. कळलं तर पोरगी वेदांतला पाठवायची नाही.

३० एप्रिल
नंदाखालला हरेश्वरकडे गेलो. तो काविळीची माळ देतो. मुळ्यांचे तुकडे ओवलेली, जेमतेम डोक्यावर बसणारी. कावीळ उतरते तशी लांबत जाते म्हणाला. एक तुटली तर असू दे म्हणून दोन दिल्या. वर, पानी उकळून प्या. सगळ्यांना पाण्याचंच पडलंय.
जास्तीची माळ मनोरमाच्या फोटोला अडकवली. दुसरा खिळा नाही.

४ मे
माळ गळ्यात उतरली! थकवा आहे, पण तो बरं होण्याचा. वेदांतसाठी कॅरमची पावडर आणली.

७ मे
माळ बेंबीपर्यंत. ठणठणीत. संपदाला कळवलं, रविवारी आण, राजोडीला समुद्रावर नेतो त्याला. आवाज असा का, तिने विचारलं. म्हटलं, लाइन खराब.

८ मे
डॉ. सेलिनकडे गेलो, निव्वळ सर्टिफिकेटसाठी. रक्तात बिलिरुबिन नऊ, हवं एकच्या आसपास. पाण्यातून व्हायरस गेलाय, लिव्हरला सूज आहे, विश्रांती घ्या, इतक्यात लहान मूल घरी आणू नका, म्हणाल्या. मी म्हटलं, मशीन तपासून घ्या, ही माळ बघा. त्यांनी बघितली. हसल्या नाहीत.

९ मे, संध्याकाळी
मनोरमाच्या फोटोवरची माळ फ्रेमखाली हातभर लोंबतेय. माझ्याइतकीच लांबलीय. तिला कावीळ कधीच झाली नव्हती.
संपदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, बाबा, मी उद्या येते. वेदांत दिवाळीत येईल.
मनोरमाचं मोठं पातेलं चढवलं. वीस मिनिटं घड्याळ लावून उकळलं. एवढं पाणी प्यायला घरात कोणी नाही.