दगडातला खळगा

दि. ३ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि जीव तुझ्या मनगटात अडकला. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात पोत्यांनी भाजी चिरायची, तीही बोथट सुरीने, मग मनगट दुखणार नाही तर काय? आणि मुख्य आचारी म्हणतात की महिनाअखेरपर्यंत हात उरकला नाही तर भांडी घासायला जा. हे तुझ्या आचारी सासऱ्यांच्या घरच्या सुनेला!

म्हणून सोबत ह्यांचा धारेचा दगड पाठवते आहे. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्या ह्यांनी याच खरखरीत दगडावर लावल्या. ते गेल्यापासून मी तो दर रविवारी पुसते आणि शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवते. वस्तू चकचकीत हवी, ही मिशनच्या सिस्टरांच्या शाळेतली सवय काही सुटत नाही. मधोमध खळगा दिसेल, तो ह्यांच्या हातचा. मी कधीकधी त्यात अंगठा ठेवून बसायची. आता तो तुझा.

तुझा नवरा विचारील, आईने पार्सलातून दगड का पाठवला? सांग, तुझ्या डोक्याला जोडी म्हणून.

मनगट शेकत जा. माझी माया आहेच.
आई

दि. १२ मार्च

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

पार्सल नीट पोचलं. तुमचा निरोप ह्यांना दिला. दगडाशी तुलना झाल्यामुळे दोन दिवस फुगून बसले होते.

आई, एक गोष्ट कशी लिहावी कळत नाही. दगड चालत नाहीये. पाण्यात भिजत घातला तर एक बुडबुडा येत नाही, वर टाकलेलं पाणी थेंब थेंब होऊन घरंगळतं. सुरी काचेवर फिरवावी तशी सरकते. कामावर सुऱ्यांतलं कळणारे एक जुने काका आहेत. त्यांच्या मते तेल आत मुरून दगडाची भोकं बुजली आहेत, हा तेलाचा नव्हे, पाण्यात भिजवून वापरायचा दगड आहे. शिवाय खळग्यामुळे पातं दोन टोकांनाच टेकतं आणि धार वाकडी बसते. काका म्हणाले, वरचा थर घासून दगड सपाट केला की दोन्ही दुखणी जातील.

पण मग खळगा जाईल. मी दगड हातात घेऊन घासायला दारच्या पायरीपर्यंत गेले आणि परत आले. तुमचा अंगठा ठेवायची जागा मी कशी घासू? तुम्ही नको म्हणालात तर मी नवा दगड घेईन आणि हा कपाटात ठेवीन. राग मानू नका.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी,
सूनबाई

दि. १९ मार्च

चि. सौ. सूनबाईस,
आशीर्वाद, आणि त्यावर आणखी थोडे.

पत्र वाचून आधी हसले. इतके रविवार मी त्या बिचाऱ्याला तेल पाजत होते आणि त्याला हवं होतं पाणी!

मग खिडकीशी जाऊन बसले. तेव्हा आठवलं, हे स्वतःच दगड घासायचे. मागच्या पायरीवर ओली वाळू टाकून खर्र खर्र चालायचं, माझ्या अंगावर काटा यायचा आणि मी खिडकी लावून घ्यायची. त्यांच्या दगडाला खळगा कधी नसायचा. तो पडला शेवटच्या वर्षात. सुऱ्या लावणं काही सोडवेना, पण हात थरथरायला लागला होता, दगड पायरीपर्यंत नेववत नव्हता. मी म्हणायची राहू द्या, आणि ते खळग्याकडे बघून दगड पालथा ठेवायचे. मी जपत बसले ते त्यांचं दुखणं, बाळ. त्यांना तो खळगा कधीच आवडला नाही.

तेव्हा घास. आधी गरम पाण्यात साबण घालून तेल उतरव. मग दगडावर पेन्सिलीने आडव्याउभ्या रेघा मार आणि ओल्या वाळूवर फिरव. सगळ्या रेघा गेल्या की सपाट झाला समज. जोर लावू नकोस. आणि धार लावताना वर जो चिखल येतो तो धुऊ नकोस, धार तोच लावतो. मी एकदा फडक्याने पुसला होता तेव्हा ह्यांनी फडकंच माझ्या हातातून काढून घेतलं होतं.

न विचारता घासला असतास तर मला कळलंही नसतं. विचारलंस, म्हणून त्या वर्षाचं ओझं माझ्या मनावरून थोडं उतरलं. तुझे उपकार मानायला सासूला लाज कसली?

आई

दि. ३० मार्च

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

तुम्ही लिहिलंत तसंच केलं. पाण्यावर तेलाचा तवंग आला, तो ओतला, पुन्हा गरम पाणी घेतलं. कडेच्या रेघा लगेच पुसल्या. शेवटची मधोमध राहिली होती, तिथे माझा हात थांबला. मग नेला पुढे. त्यानंतर पाण्यात ठेवला तर असे बुडबुडे सुटले, जणू कधीचा तहानलेला.

चिखल धुतला नाही. सुरी आता कांद्यात नुसती उतरते, मनगटाला पत्ताही लागत नाही. काल मुख्य आचारी मागे येऊन उभे राहिले, चिरलेल्याचा ढीग पाहिला, आणि दुसरं पोतं माझ्याकडे सरकवलं. काका म्हणतात, यापेक्षा जास्त कौतुक त्यांनी आजवर कुणाचं केलेलं नाही. भांडी घासायचा विषय संपला.

आई, अंगठा ठेवायला आता दगडावर जागा नाही, हे खरं. म्हणून एक मागते. तुमच्या स्वयंपाकघरातली सुरी मला माहीत आहे, तुम्ही टोमॅटो तिने चिरत नाही, चेचता. ती पाठवून द्या. लावून परत पाठवते. रोज हातात धराल ती बाबांच्या दगडावरचीच धार असेल.

मला तुमच्या मायेत अशीच भिजत ठेवा.
तुमची,
सूनबाई