अक्काच्या उजव्या डोळ्याबद्दल

नौबाद, बीदर
८ जानेवारी २०२५

चि. राजपाल,

जय भीम. स्नेहलला आणि लेकरांना आशीर्वाद.

तू पाठवलेल्या तक्रारीच्या कागदावर मी साक्षीदार म्हणून सही करणार नाही. आणि येत्या मंगळवारी हैदराबादला तुझ्या आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरवलं आहेस, ते थांबव. या दोन गोष्टींसाठी हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि खरं म्हणजे फोनवर मला हे बोलताही आलं नसतं.

इकडे थंडी बरीच आहे. अक्का माझ्याकडे आल्यापासून दोन्ही वेळा नीट जेवते. डाव्या डोळ्यात दर दोन तासांनी थेंब घालणं चालू आहे. एकही वेळ चुकवलेली नाही.

तुझ्या कागदात 'आईला पूर्वी डोळ्याचा कोणताही आजार नव्हता' असं वाक्य आहे. ते खोटं आहे. दोष तुझा नाही. तू हैदराबादेत काळजी करत बसशील म्हणून अक्काने मला शपथ घातली होती, आणि आम्ही तुला उष्णता आहे एवढंच सांगत आलो.

गेली सात वर्षं तिच्या दोन्ही डोळ्यांच्या आत सूज येते आणि ओसरते. गुलबर्ग्याच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच तिला नेत होते. त्या सुजेनं आणि वर्षानुवर्षांच्या औषधानं मोतीबिंदू धरला. बाईंनी स्पष्ट बजावलं होतं की डोळा सलग तीन महिने शांत राहिला पाहिजे, ऑपरेशनच्या आधीपासून गोळ्या द्यायच्या, मगच हात लावायचा. असं केलं तर बहुतेकांना चांगलं दिसतं. घाई केली तर सूज उसळते आणि आहे ती नजरही जाऊ शकते.

पहिल्यांदा सव्वादोन महिन्यांनी डोळा लाल झाला. मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्यांदा अकरा आठवडे झाले होते. तिसऱ्यांदा तर आठच दिवस उरले होते. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, उशीर मला कुणाचाच खपला नाही. बाईंचा राग आला, अक्काच्या डोळ्याचाही आला.

नोव्हेंबरात मन्नाएखेळ्ळीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं शिबिर होतं. त्या दिवशी सकाळी मी तिच्या डोळ्यात थेंब जास्त वेळा घातले. लाली दिसू नये म्हणून. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

फॉर्म कन्नडमध्ये होता, मी भरायला घेतला. शेजारी अक्का.

"सुधे, त्या थेंबाचं लिही की."

"गप बैस. लिहायचं मला कळतं."

पूर्वीचा आजार, चालू औषध, दोन्ही रकान्यांत मी 'इल्ल' लिहिलं. नाही म्हणून. पुढं त्या तरुण डॉक्टरनं बॅटरी मारून स्वतः विचारलं, "पहले कभी आँख लाल होती थी, अम्मा?" अक्का माझ्या आवाजाच्या दिशेनं वळली. मी म्हणाले, "नहीं." बाहेर शंभर माणसं ओळीत होती. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. त्याच माणसाविरुद्ध तू तक्रार लिहिली आहेस.

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दोन दिवस तिला दिसलं. अंगणातली शेळी कुणाची, हे तिनं खुणेवरून ओळखलं. चौथ्या दिवशी डोळा पेटला. तू धावत आलास, डॉक्टरला शिव्या दिल्यास, आणि मी चहा करायला आत गेले.

गुलबर्ग्याच्या बाई आता म्हणतात, आतल्या पडद्याला सूज आहे, किती परत येईल सांगता येत नाही. रोज सकाळी उजवा डोळा झाकायला लावून मी अक्कापुढं बोटं धरून विचारते, किती? परवा विचारलं तेव्हा माझा हात खालीच होता. ती म्हणाली, "तीन." मला बरं वाटावं म्हणून ती आकडे सांगायलीय, राजपाल. कधीपासून, कोण जाणे. तेव्हापासून औषध घालताना माझा नेम चुकतो. थेंब गालावर पडतो.

काल तिला म्हणाले, राजपालला सगळं लिहिते.

"कामून?"

"हैदराबादचे डॉक्टर विचारतील."

"इचारू दे. म्या न्हाई म्हनते की. एकदा तू म्हनलीस, आता म्या म्हनीन." वर हसली. "मास्तरीन असून कॉपी केलीस, आन कुनी धरली न्हाई."

"अक्का, तो डोळाही जाईल."

"जाऊ दे. पोरगं तुझ्या दारात यायचं बंद व्हईल, ते बघाया डोळा ठिवून काय करू?"

म्हणून लिहिते आहे. मोठा दवाखाना असला तरी त्यांना सांगितलं तेवढंच कळणार. आणि ती खरोखर खोटं सांगेल, माझ्यासाठी. तू तिला आधी गुलबर्ग्याला ने. तीन महिने लागोत, सहा लागोत, वर्ष लागो. मोजणी मोडली तर पुन्हा मोज. माझ्यासारखा चिडू नकोस. त्या एका डोळ्यावरच ती भिंतीला न धरता चालते.

माझ्या दारात यायचं की नाही, ते तू ठरव. तिच्या डोळ्याचं मात्र हे वाचल्याबरोबर ठरव.

तुझी मावशी,
सुधारानी

आज शेजारचे प्रशांतकुमार हैदराबादला निघाले, त्यांच्या हाती सोपवलं ते असं. अक्काची गुलबर्ग्याची फाईल, सात वर्षांची, कागद एकेचाळीस, तारखेप्रमाणे लावलेले. चालू औषधांची यादी, वेळांसह. डॉक्टरांना दाखवायचं एक पान: मी काय लपवलं ते सगळं, खाली माझी सही आणि फोन नंबर. सहीशेजारी अक्काच्या अंगठ्यासाठी जागा सोडली होती. दोनदा शाई लावली, दोन्ही वेळा तिनं अंगठा लुगड्याला पुसला.