स्वतःची दृष्ट

आई, लिफ्टच्या भीतीने मी गेले अकरा दिवस घराखाली उतरलेले नाही. हसशील तू. मुलुंडची आपली तीन मजली बिल्डिंग पाडून टॉवर उभा केला, त्यात मला सोळावा मजला मिळाला. लोक म्हणतात, नशीब काढलंस. कसलं डोंबलाचं नशीब! लिफ्टचं दार मिटलं की छातीवर कुणीतरी बसतं, हातपाय गार पडतात. ईसीजी नॉर्मल. जिन्याने उतरावं तर दहाव्या मजल्यावर पुन्हा तेच, वर गुडघ्यांची बोंब. ऑफिसात थापा मारून झाल्या. सोमवारी आला नाहीत तर राजीनामा पाठवा, असं साहेबांनी फोनवर सांगितलंय. आज शनिवार आहे.

शेजारच्या फ्लॅटमधल्या बाई मला ध्यान शिकवतात. मांडी घालून डोळे मिटण्यातलं नाही. चटईवर आडवं व्हायचं, टाचा जमिनीला कुठे टेकल्यात ते बघायचं, मग पोटऱ्या, मग पाठ. "भीतीला हाकलू नका, ती अंगात कुठे बसलीय तेवढं बघा," म्हणतात. इथवर जमतं. श्वास खरंच पोटापर्यंत जातो. मग त्या म्हणतात, "आता छातीवर हात ठेवा, आणि जवळच्या माणसाला धीर देता तसं स्वतःशी बोला." झालं, तिथे माझी वाट लागते. मी म्हटलं, "अहो, आमच्यात स्वतःची दृष्ट स्वतः काढत नाहीत." त्या हसल्या. मला हसू आलं नाही, कारण छातीवर हात ठेवला की आतून एकच वाक्य येतं, "नाटकं पुरे." आणि तो आवाज माझाच आहे, विशीतला.

अमावास्येची संध्याकाळ होती. गॅसवर तवा तापलेला, घरभर मिरच्यांचा ठसका. तू बाबांची दृष्ट काढलीस, दादाची, माझी, समोरच्यांच्या तान्ह्या बाळाचीसुद्धा. मग ओट्याला धरून उभी राहिलीस. चार महिने बाजारात जायचं म्हटलं की तुला दरदरून घाम फुटायचा आणि डॉक्टर म्हणायचे, काही झालेलं नाही. तू वळतेस, मीठ-मोहरीची मूठ माझ्यापुढे धरतेस आणि म्हणतेस, "चेडवा, जीव घाबरता गो माझो. माझी पण काढ."

माझ्या खांद्याला पर्स. "नाटकं पुरे आई, मला क्लासला उशीर होतोय."

मूठ तशीच तव्यावर रिकामी केलीस. पुन्हा कधी मागितलं नाहीस, आणि बाजारही सोडलास. त्यानंतरची दोन वर्षं, जाईपर्यंत, तू दाराचा उंबरा ओलांडला नाहीस आणि आम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलो, तिला बाहेर आवडतच नाही. किती सोपं होतं गं ते आम्हाला.

आज सकाळी चटईवर मी वेगळं केलं. स्वतःशी जमत नव्हतं, म्हणून तुला समोर उभं केलं आणि मोठ्याने म्हटलं, घाबरू नको गं, मी आहे ना इथे. तुझ्याशी लगेच जमलं. इतकी रडले की बाईंनी चहा ठेवला. तशीच उठून लिफ्टपाशी गेले, बटण दाबलं. दार उघडलं, मी बघत राहिले, दार मिटलं. चार वेळा. मग घरात येऊन हे लिहायला बसले.

हे कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एवढं सांगते. बाईंनाही सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी मला कसलाही उशीर झाला नव्हता. क्लासच्या त्या बंद खोलीत मला तेव्हाच हे असं व्हायला लागलं होतं. तुझ्या मुठीतलं मीठ घेतलं असतं तर माझा हात थरथरताना तुला दिसला असता.