आप्पा कॅसेटमध्ये होते

पुणे, ता. १० एप्रिल १९८७

ती. स्व. नाथदादास,
केसरचा शि. सा. न. वि. वि.

कॅसेट पोचली. पत्राऐवजी कॅसेट धाडायची फॅशन आपल्या चकलांब्यात कधी शिरली? बबनरावांच्या थोरल्याने दुबईहून टू-इन-वन आणला आणि अख्खं गाव त्याच्यापुढे बसून बोलतंय, हे मायच्याच तोंडून कळलं. मायचा आवाज ऐकून आधी रडले, मग पुन्हा ऐकली तेव्हा राग आला. शेळी व्याली, साखराबाईच्या सुनेने वेगळी चूल मांडली, कपिलधारची धार करंगळीएवढी झाली, आप्पा गुरांच्या छावणीवर गेलेत, सगळं तिने सांगितलं. मला न्यायला कोण येणार, तेवढं सोडून.

दादा, मला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय मी नव्याने सांगायला हवं? सासूबाई तोंडावर काही बोलत नाहीत. शेजारणीला ऐकू जाईल इतपत म्हणतात, की बीडकडे तशी रीत नसेल.

आप्पांचा नियम मला ठाऊक आहे. संक्रांतीला त्यांनीच लिहिलं होतं, की टँकरचं पाणी घरातली डोकी मोजून मिळतं, म्हणून यंदा गावात कुणीच लेकीला बाळंतपणाला आणायचं नाही, आणि दूध सोसायटीचा चेअरमन म्हणून हा नियम आधी आपल्या घरात. बरं, गिळलं मी ते. पण त्यानंतर त्यांच्या हातची एक ओळ नाही. पत्रं सगळी तुझ्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात. आणि आता कॅसेटमध्येही त्यांचा आवाज नाही. नियम त्यांनी केला, रुसायचं मी, आणि गप्प तेच?

यांनी दुकानातून स्पंजचा हेडफोन आणून दिलाय, तारेची कमान असते तो. तो लावून मायला ऐकत पडते. मायला नमस्कार. बहिणीवर लोभ पातळ झाला असेल तर जरा आटवून दाट करावा.

तुझी,
केसर

---

चकलांबा, ता. १९ एप्रिल १९८७

चि. सौ. केसर हिस,
दादाचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून माय हसली आणि चुलीपुढे जाऊन बसली. माझ्या अक्षराला नावं ठेवतेस, पण याच अक्षरावर सोसायटीचं सचिवपद चाललंय, हे ध्यानात ठेव.

आप्पा रुसलेले नाहीत. त्यांना सवडच नाही. सोसायटीने जनावरांची छावणी उघडलीय, गेवराईहून कडबा येतो तो उतरवून घेण्यापासून गुरांच्या नावाने भांडणाऱ्या माणसांपर्यंत सगळं त्यांच्याच डोक्यावर. मुक्कामही तिकडेच असतो. त्यात हात मुरगळलाय, म्हणून लिहीत नाहीत. आवाज टेपात घ्यायचं म्हटलं तर म्हणाले, की यंत्रापुढं बोलाया मी काय पुढारी हाय व्हय.

नियमाचं म्हणशील, तर तो किती जड पडलाय ते तुला तिथे बसून कळणार नाही. छबुबाईची लेक भामा दिवस भरत आलेली, ट्रंक घेऊन फाट्यावर उतरली होती. आप्पा स्वतः फाट्यावर गेले, तिला उसाचा रस पाजला आणि त्याच एस.टी.ने परत धाडलं. छबुबाई अजून आपल्या दारावरून जाताना पदर तोंडावर ओढून घेते. आता तिच्यादेखत तुला कोणत्या तोंडाने आणू?

दाजी जपतातच तुला, ते आम्हांला माहीत आहे. दूध पी. आमची काळजी करू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. त्यांना आणि सासूबाईंना आमचा नमस्कार सांग आणि भावावरची माया अशीच भांडखोर राहू दे.

तुझा,
गहिनीनाथ

---

पुणे, ता. २७ एप्रिल १९८७

ती. स्व. दादास,
केसरचा नमस्कार. पुढची अक्षरं आज लिहवत नाहीत.

काय झालं ते क्रमाने सांगते, म्हणजे तुला पुन्हा छावणी पुढे करता येणार नाही.

यांच्या दुकानात एका गिऱ्हाईकाने जर्मनीचा हेडफोन दुरुस्तीला टाकलाय. किंमत सांगितली तर तू म्हणशील त्यात म्हैस येते. आठवडाभर घरात दुसरा विषय नाही. काल रविवारी दुकान बंद होतं, तेव्हा मला घेऊन गेले, की बाई गं, एकदा कानाला लावून तरी बघ. मी म्हटलं, आवाज तो आवाज, त्यात गरिबाचा आणि श्रीमंताचा असतो का? तर म्हणाले असतो, आणि गिऱ्हाईकाला बसवतात तसं मला स्टुलावर बसवलं.

आधी एकाच गाण्याची एकच ओळ दोन्हींवर ऐकवली. स्पंजवाल्यात गाणारी, तबला, व्हायोलिन सगळे एका बैलगाडीत कोंबल्यासारखे. वर टेपची फस्स अशी खरखर, आणि 'स' आला की कानात टोचतो. मग गादीवाला लावला. त्याच्या गाद्या कानावर बसल्या आणि रस्त्यावरचा गोंगाट तुटलाच. मग गाणं सुरू झालं तर प्रत्येकाला आपापली जागा. तबला डाव्या अंगाला, तोही जरा मागे. ओळ उचलण्याआधी गाणारीने श्वास घेतला तो ऐकू आला. हे माझ्या तोंडाकडे बघत होते, जसा काही तो हेडफोन त्यांनीच घडवलाय.

कॅसेट माझ्या पिशवीत होती. मी म्हटलं, मग मायला लावा. त्यांनी म्हटलं हो, लगेच.

स्पंजवाल्यात माय होती, नेहमीसारखी. मग तीच जागा गादीवाल्यात. दादा, माझ्यापुढे आपलं अंगण उघडलं. कडब्याची कुरकुर, शेळी, कुणाच्या तरी बांगड्या. माय डावीकडे. तू उजवीकडे, कुजबुजत तिला सांगतोयस, की आता छावणीचं सांग. आणि त्याच्याही मागे, बाजेवरून, कुणीतरी. आधी नुसता श्वास. मग आवाज. घशातून निघालेला, पण जीभ साथ देत नाही असा. एकदा, पुन्हा एकदा, जोर लावून. मग तू दबक्या आवाजात म्हणालास, की आप्पा, गप ऱ्हावा, टेप चालू हाय. आणि लगेच माय हसली आणि म्हणाली, की तुझे आप्पा छावणीवर गेलेत.

मी तेवढा तुकडा परत परत लावला. यांनी शेवटी हेडफोन काढून घेतला. त्यांचं तोंड बघितलं तेव्हा कळलं, की त्यांनाही माहीत होतं.

माझ्या बापाला बोलता येत नाही, हे मला एका जर्मन यंत्राने सांगावं? तू नाहीस, माय नाही, नवरा नाही? आप्पांना काय झालंय ते खरं लिही. लिहिलं नाहीस तर पुढच्या एस.टी.त मी बसलेली असेन. आता लोभ वगैरे काही मागत नाही.

केसर

---

पुणे, ता. २८ एप्रिल १९८७

ती. स्व. गहिनीनाथरावांस,
त्रिंबकचा सा. न. वि. वि.

केसरचं पत्र माझ्या पत्राआधी पोचेल. तुम्ही निक्षून लिहिलं होतं, की आप्पांचं तिच्या कानावर जाऊ देऊ नका, कॅसेट आधी तुम्ही ऐका. मी ऐकलीही होती. घरी, त्या स्पंजवाल्यावर. काही धोका नाही म्हणून तिच्या हातात दिली. या दोन हेडफोनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे असं रोज गिऱ्हाईकांना बजावणारा मी, आणि तोच फरक तिला हौसेने दाखवायला गेलो. माझ्यासारखा मूर्ख शोधून सापडायचा नाही.

ती धड जेवत नाही. माझ्याशी कामापुरतं बोलते. कृपा करून तिला सगळं लिहा. मला शिव्या द्यायच्या असतील तर वेगळ्या पत्रात द्या, तिला आलेलं पत्र आई वाचते. आप्पांची प्रकृती कळवावी आणि चुकलेल्याला पदरात घ्यावं.

आपला,
त्रिंबक

---

चकलांबा, ता. ५ मे १९८७

चि. सौ. केसर हिस,
दादाचे आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर.

खरं लिहितो. शिवरात्रीच्या सुमाराला छावणीवर कडबा उतरवून घेताना आप्पांच्या अंगावरून वारं गेलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. गेवराईला दवाखान्यात ठेवलं, मग घरी आणलं. पोटुशीला कळू द्यायचं नाही म्हणून मायने मला शपथ घातली. दाजींना मीच गप्प बसवलं, त्यांच्यावर राग धरू नकोस.

त्यांना सगळं ऐकू येतं, सगळं समजतं. त्या दिवशी केसरला कॅसेट धाडायची म्हटल्यावर त्यांनीच डाव्या हाताने खूण करून बाज अंगणात आणायला लावली. त्यांना तुझ्याशी बोलायचं होतं गं. आणि मी त्यांना गप्प केलं. गावात आजवर कुणी आप्पांना गप म्हटलं नव्हतं. ते पोराने म्हटलं. तुझं पत्र वाचल्यापासून मला त्यांच्यासमोर ताठ उभं राहवत नाही.

डॉक्टर म्हणतात, दुसरा झटका आला तर सांगता येत नाही. म्हणून ये म्हणावंसं वाटतं. पण तू आलीस तर लोक म्हणतील, की भामाला फाट्यावरून परत धाडली आणि चेअरमनची लेक मात्र आली. बोलता येत होतं तेव्हा आप्पांनी एकेकाला समजावलं असतं. आता ते फक्त ऐकतील.

तुझं पत्र मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, पाणी मात्र गालावर आलं. ये की नको, ते मला काही कळलं नाही. आता तूच ठरव. माझ्या शहाणपणावर माझाच भरवसा राहिला नाही. रागावलीस तरी भाऊ म्हणून जागा ठेव.

गहिनीनाथ

---

चकलांबा, ता. १५ मे १९८७

ती. स्व. यांस,
केसरचा सा. न. वि. वि.

तुम्ही गेवराईला गाडीत बसवून देऊन परत फिरलात, त्यानंतर मी सुखरूप पोचले. पोटातलं माणूसही शहाण्यासारखं वागलं. फाट्यावर आसारामकाकांची बैलगाडी होती. तुम्ही भरून दिलेले पाण्याचे दोन्ही कॅन बघून काका म्हणाले, की पोरी माहेरून न्हेत्यात, तू सासरहून पानी घिऊन आलीस व्हय. मी म्हटलं, बाळंतपणाला आले नाही, दोन दिवस बापाला बघायला आलेय, कुणाच्या घागरीला हात लावणार नाही.

आप्पा बाजेवर निम्मे झालेत. मी जवळ गेले तर तोच आवाज केला, त्या कॅसेटमधला. मी त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडून घेतलं. तेही रडले. दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मग त्यांचं लक्ष कॅनकडे गेलं. डावा हात उचलून त्यांनी बोट दाखवलं ते देवळापुढच्या टाकीकडे, जिथे टँकर रिकामा होतो आणि सगळ्यांच्या घागरी भरतात. दादाने न कळल्यासारखं केलं. आप्पांनी बाजेच्या लाकडावर हात आपटला. शेवटी दादाने दोन्ही कॅन नेऊन टाकीत ओतले. छबुबाई तिथे घागर घेऊन उभीच होती. मला इतका संताप आला, की मोठ्याने बोलले, जावयाने खांदा मोडून ते गेवराईपर्यंत आणलं होतं, लेकीच्या घोटभर पाण्यातही तुमची सोसायटी? आप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी मायने न्हाणीत बोलावलं. ऊन पाण्याची भरलेली घागर, शेजारी खोबरेल. माहेरवाशिणीला घालतात तसं न्हाऊ घालायचं म्हणाली. मी चिडलेलीच होते. विचारलं, हे कुणाच्या वाट्याचं? आधी सांगेना. मग म्हणाली, की दादाने तुझं पत्र वाचून दाखवलं त्या दिवसापासून आप्पा आपल्या वाट्याचं पाणी निम्मंच पितात. बाकीचं पाजायला गेलं की दात घट्ट मिटतात. उशाशी मडकं ठेवायला लावलंय, त्यात टाकायला लावतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. ते कशासाठी, हे तिलाही मी गाडीतून उतरले तेव्हा कळलं.

मी म्हटलं, मला नको, त्यांना पाजा. मायने ऐकलं नाही. म्हणाली, ह्ये न्हाई घेतलं तर त्यो मानूस हाय खाऊन मरंल. मग मी बसले. तिने सावकाश पाणी घातलं, एक थेंब इकडेतिकडे नाही. खाली घमेलं होतं, ते पाणी शेळीला गेलं.

न्हाऊन आले आणि ओल्या केसांनी त्यांच्या बाजेशी बसले. आप्पांनी डावा हात माझ्या केसांवरून फिरवला, आणि तो ओला हात हळूच स्वतःच्या कोरड्या ओठांना लावला.

परवा निघते. तुमच्यावर राग नाही, तेव्हा नीट जेवा. सासूबाईंना सांगा, सुनेचं माहेरचं न्हाणं झालं.

तुमची,
केसर