उंबऱ्यावरचं भांडं

शुक्रवार, १० जानेवारी २०२५

पोहोचलो एकदाचे! रास अल खैमाच्या डोंगरात, गाडी खाली ठेवून दुपारभर चढल्यावर एक भाड्याची दगडी झोपडी. पुण्याच्या दैनिकाने मला बातमीदार म्हणून अबू धाबीत धाडल्यापासून वाळू आणि मॉल यांखेरीज काही पाहिलं नव्हतं. ही कृपा कुशलची. कॉलेजातला माझा दोस्त, आता अबू धाबीच्या अल रीम बेटावरच्या उंच टॉवरचा रहिवासी. त्याला खरं तर जॉर्जियात बर्फावर घसरायचं होतं. रजा मिळाली नाही, म्हणून स्कीच्या काठ्या घेऊन इथे आलाय. पोलादी, टोकदार. बर्फ सोडून सगळी तयारी आहे.

झोपडीचं दार इतकं बुटकं की कमरेत वाकावंच लागतं. कुशलला कशापुढे तरी वाकताना मी प्रथमच पाहिलं.

उंबऱ्यावर तांब्याचं भांडं होतं, खजुरांनी भरलेलं. आसपास ना घर, ना माणूस. दुबईच्या बर दुबई भागात कापडाचं दुकान चालवणारा, आमच्यासोबत आलेला यहया मोठ्याने सलाम घालून आला, उत्तर नाही. मग खाल्ले. कुशलची बायको वैभवी मला म्हणाली, भावजी, शेजारच्यांचं भांडं रिकामं परत करू नये, आणि तिने त्यात डिंकाचे लाडू ठेवले. कुठले शेजारी, असं विचारलं तर म्हणे, भांडं आलंय म्हणजे असतीलच की! मी प्रत्युपकारावर दोन श्लोक सुरू केले. सगळे झोपायला गेले.

शनिवार, ११ जानेवारी, सकाळ

भांडं पुन्हा उंबऱ्यावर. लाडू गेलेत, आत मध. कुशलने बोटांनी निपटून खाल्ला आणि म्हणाला, पॅकेजमध्ये असेल हबीबी, उगाच सेंटी होऊ नका. वैभवी चिवडा घालायला गेली तर पुडा हिसकावून घेतला. खलास म्हणे, आणि भांडं उंबऱ्यावर पालथं घातलं. यहया कळवळून मला म्हणाला, सदाभाऊ, आमच्या रत्नागिरीत असं केलं तर शेजारीण जन्मभर बोलणार नाही. कुशल हसला. मला संताप आला, जुन्या मैत्रीखातर गिळला. वैभवीनेही गिळला. तिला सवय असावी.

शनिवार, संध्याकाळ

यहया मोबाइलला रेंज मिळते का बघायला मागच्या कड्याकडे गेला. आलाच नाही. हाका मारून घसा बसला. कुशल म्हणतो, मस्करी करतोय साला, यल्ला, जेवून घेऊ. आणि जेवला!

उंबऱ्यावर भांडं नाही.

रविवार, १२ जानेवारी, सकाळ

भांडं आलं. वर यहयाचा रुमाल झाकलेला. आत भाजलेलं मांस, वाफाळतं. बघा, साहेब खाली बार्बेक्यू करत बसलेत, म्हणाला कुशल. खाऊ नकोस म्हटलं. वैभवीने हात धरला. त्याने तो झटकला आणि सगळं संपवलं.

तळाशी यहयाची चांदीची अंगठी होती.

वैभवी ओकतेय. मूठभर चिवडा, कुशल! मूठभर चिवडा घालू दिला असतास तर —

रविवार, दुपार

उतरायला निघालो. वळणावर भांडं. ओलांडलं की पायवाट पुन्हा याच दारात. पुन्हा. पुन्हा. वैभवीने चिवडा घातला, बिस्किटं, हातातल्या बांगड्या — सगळं कुणी हात न लावता भांड्याबाहेर भिरकावलं गेलं. जे आलं त्याच्या तोलाचं हवं —

कुशलने भांडं दरीत फेकलं. वळून पाहिलं तर उंबऱ्यावर. ओरडतोय, चूक यहयाची, एकटा गेला कशाला. यहयाची! ज्याला हा —

रविवार, नंतर

तुम्ही बसा रडत, मी जातो, कुशल म्हणतोय. एकटा. आम्हाला टाकून. दारात वाकून बुटाच्या नाड्या बांधतोय, पाठ आमच्याकडे —

वैभवीने भांडं आत ओढलं. माझ्याकडे पाहिलं. अगदी हळू म्हणाली, भावजी, रिकामं कसं परत करायचं?

काठी कोपऱ्यात आहे. पोलादी.

वही ठेवतो. दोन्ही हात लाग