टिकलीचं आंगडं

४ डिसेंबर, सोमवार
स. ६ला १४°. टिकली गल्लीच्या तोंडाशी थांबली, घाटाच्या पायऱ्या उतरायला तयार नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ऑक्टोबरात खरजेपायी डॉक्टरांनी तिचे सगळे केस भादरले, ते अजून धड आलेले नाहीत. पोटाकडे तर नुसती गुलाबी कातडी. कुत्र्याला कपडे घालणाऱ्या लोकांवर मी एकदा सदर लिहिलं होतं. विनोदी. आज स्वतःच कात्री घेऊन बसलो.

रात्री पुण्याहून मुक्ताचा फोन. "बाबा, मागच्या थंडीत न्यूमोनियातून जेमतेम वाचली ती. या वेळी खोकला झाला तर मी तिला इकडे आणणार. वीस जानेवारीला येतेय, तेवीसला परत."
चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. टि.ने लिफ्ट पाहिलेली नाही. तिचं सगळं आयुष्य ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर. पण पोरीचंही खोटं नाही, म्हणून हो म्हणालो.
म्हणजे डेडलाइन २० जाने. तारीख पक्की असली की मला बरं असतं.

६ डिसेंबर
माझा जुना हाफ स्वेटर कापून घातला. डोक्यातून गेला, उजवा पाय गेला, डावा जाईना. तीन वर्षांपूर्वी ई-रिक्षाखाली आल्यापासून तो कोपरात वाकत नाही. जरा ओढला तर चावली. जोरात नाही, सूचना म्हणून.
संध्याकाळी गोदौलियाच्या बाजारातून तयार स्वेटर आणला. लाल, टोपीवाला. तोही डोक्यातूनच. टि. पलंगाखाली गेली ती जेवायच्या वेळेलाच बाहेर.

९ डिसेंबर
घाटावर रामदुलारीच्या शेळ्या. सगळ्यांच्या अंगात स्वेटर, एकीला तर शाळेचा निळा, खिशावर बिल्ल्यासकट. मी टि.ला शालीत गुंडाळून काखेत घेतलेलं.
"का हो चाचा, हमार बकरिया त चुप्पे पहिर लेवेले!" तिच्या म्हणे गुपचूप घालून घेतात.
"तुम्हारी बकरी काटती नहीं।"
"पहिले खियावा, तब पहिरावा।"
आधी खायला घाला, मग कपडा. करून पाहिलं. बिस्किटं सगळी खाल्ली. स्वेटर नाही.

१८ डिसेंबर, चंपाषष्ठी
वहिनींनी बाळकृष्णाला लोकरीचं घातलं. आमच्या घरची रीत: चंपाषष्ठीला चढायचं, वसंत पंचमीला उतरायचं. बाहेर वीस असो की पाच. दादा गेल्यापासून घरात वहिनी, मी आणि देव. टि. धरली तर चौथी, पण वहिनींच्या हिशेबात ती माझ्या खोलीतली. त्यांच्या स्वयंपाकघराचा उंबरा तिला बंद. देवही तिथेच आहेत.
म्हटलं, "वहिनी, थर्मामीटर बघून घालत जा की."
"तुमच्या थर्मामीटरला नैवेद्य दाखवता का, भाऊजी?"


२२ डिसेंबर
पोतं! दोन पदरी, पाठीवरून टाकून सुतळीने बांधलं. ना डोकं, ना पाय. टि. चालली. मी खूष.

२७ डिसेंबर
गेले चार दिवस दाट धुकं. टि. रोजच्या जागी, खालच्या पायरीवर बसत होती. पायरी ओली, पोतं खालच्या काठाने पाणी पीत होतं, आणि मी वरून बघतोय तर कोरडं. आज पहाटे खोकला.
डॉ. रागावले नाहीत, ते जास्त लागलं. "भीगा कपड़ा नंगे बदन से बुरा है। छाती ढँकिए, पेट सूखा रखिए, धूप निकले तो उतारिए।" गोळ्या दहा दिवस.
मुक्ताला सांगितलं नाही. बातमी दाबणं. पेपरातल्या नोकरीत जन्मभर ज्याबद्दल दुसऱ्यांना झापलं तेच.

२८ डिसेंबर, गुरुवार
चारला सदर पाठवलं. वेळेत. मग पुन्हा लाल स्वेटर, पुन्हा झटापट. टि. खोकतेय, मी घामाघूम. मान वर केली तर दारात वहिनी. माझ्या खोलीपर्यंत त्या येत नाहीत.
"दिवसभर ऐकतेय तिचा खोकला. हे काय करताय?"
"स्वेटर घालतोय."
"भाऊजी, रांगणाऱ्याला डोक्यातून घालतात का कधी?"

वाटलं, मुक्ताच्या लहानपणाचं काहीतरी. वहिनी गेल्या आणि देवाच्या पेटीतून तळहाताएवढं आंगडं घेऊन आल्या. बाळकृष्ण रांगता आहे: दोन गुडघे, एक हात जमिनीवर, दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा, तो हात वर. पितळेचा. चाळीस वर्षं त्या त्याला कपडे घालताहेत.
"तो माझ्यासाठी हात वाकवतो होय? बाही ठेवायचीच नाही. पुढच्या बाजूला दोन खाचा. कपडा खाली पसरायचा, त्याला वर ठेवायचं, दोन्ही बाजू वर घ्यायच्या, पाठीवर बंद बांधायचे. मान नाही, हात नाही, रडारड नाही."
मी टि.कडे बघितलं. चार पाय जमिनीवर, एक न वाकणारा. तीन आठवडे मी माणसाचा कपडा तिला घालत होतो.
"शिवाल?"
"मापं तुम्ही घ्या. मी लांबून सांगते."
नमुना जुन्या पेपरवर कापला. पान माझ्याच सदराचं निघालं. इतक्या वर्षांत ते कुणाच्या अंगाला इतकं नीट बसलं नव्हतं.

३० डिसेंबर
आंगडं तयार. आतून फ्लॅनेल, वरून माझ्या मोडक्या छत्रीचं काळं कापड, धुक्यासाठी. छातीखाली दुहेरी, पोटाशी आखूड, म्हणजे बसली तरी काठ भिजणार नाही. पाठीवर चार बंद. कडेला बारीक जरीची गोट.
"ही देवाची जर ना?"
"उरलेली आहे. त्याला वाहिलेली नाही."

३१ डिसेंबर
स. ७, १०°, धुकं. कपडा जमिनीवर पसरला. टि.ने हुंगला, त्यावर उभी राहिली. खाचा बरोबर पायांशी. दोन बाजू वर, चार गाठी. तिला कळायच्या आत झालं!! एवढा आनंद मला पहिल्यांदा नाव छापून आलं तेव्हाही झाला नव्हता. (झाला होता. पण साधारण एवढाच.)
डॉ.नी दहा मिनिटांची परवानगी दिली होती. पायऱ्या स्वतः उतरली. रामदुलारी चुलीवरून उठून आली. "अरे चाचा, ई त दुलहिन हो गइल!" मग हळूच, "एगो हमरो बकरिया खातिर?"
वहिनींना निरोप सांगितला. "बकरीची मापं आणा म्हणावं."

३ जानेवारी
घालायचं कसं ते सुटलं. कधी, ते नाही. काल १०° पण लख्ख ऊन. आंगड्यात धापा टाकत होती. आज १३° आणि धुकं. म्हटलं नको, तर थरथरली. थर्मामीटर फक्त हवेचं सांगतं.
वहिनी ओट्यापाशी उभ्या राहून ऐकत होत्या. बाहेर आल्या, वाकल्या, टि.चा कान दोन बोटांत धरला. "गार आहे. घाला." अकरा वर्षांत पहिला स्पर्श. आणि लगेच पुन्हा अंघोळीला. गार पाण्याने, या थंडीत.

४ जानेवारी
वहिनी आता अंघोळीच्या आधी कान बघतात. वेळापत्रक बदललं.

१५ जानेवारी, संक्रांत
डॉ.नी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. "साफ।" परत विचारलं. "साफ, भाई साहब, एकदम साफ।" गल्लीतून घरी येताना अनोळखी माणसांनाही तिळगूळ वाटला. धुवायला टाकलं की अडायला नको म्हणून वहिनींनी दुसरं आंगडं शिवलंय. हिरवं.

२० जानेवारी
मुक्ता आली. सोबत प्रवासाचा पिंजरा, नवा. चहाआधीच खोकल्याचं सांगून टाकलं.
"आणि हे मला आज कळतंय?"
"हो."
"अजून पेपरात नोकरीला असतास तर स्वतःला काढून टाकलं असतंस."
"हो."
मग टि.ला घेऊन घाटावर गेली. मी वरून बघत होतो. हिरवं आंगडं पुढे, मुक्ता मागे, धावत. टि. धावत होती. परत आली तेव्हा मुक्ताचं नाक लाल. वहिनींनी पुढे होऊन टि.चा कान धरला.
"काकू, तू हिला हात लावतेस?"
"कानालाच."

२३ जानेवारी
मुक्ता गेली. एकटी. पिंजरा माझ्या पलंगाखाली. "राहू दे इथे. पुढच्या थंडीला बघू, बाबा." टि. ज्या कोपऱ्यात लपायची तिथेच तो आता आहे. पेपरवरचा नमुना मात्र घडी घालून घेऊन गेली. कशाला, विचारलं. "असू दे."
असू दे. ही थंडी आमची.

१४ फेब्रुवारी, वसंत पंचमी
बाळकृष्णाचं लोकरीचं उतरलं, पिवळं रेशमी चढलं. स. ७, १२°, नदीवर विरळ धुकं. टि. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभी, आंगड्यात.
"हिचंही काढायचं का आज?"
वहिनींनी उजवा कान धरला. मग डावा. पंचांग ओट्यावर उघडंच होतं. चारांतली एक गाठ सोडली, खिडकीतून नदीकडे पाहिलं, बाकीच्या तीन तशाच ठेवल्या.
"ऊन तर येऊ दे."
टि.चे पुढचे दोन पाय उंबऱ्याच्या आत होते, एक वाकलेला, एक ताठ. वहिनींनीही पाहिलं, आणि प्रसादाची वाटी घ्यायला वळल्या.